शेअरचे गुण: बेरीज आणि फोड

कुठल्याही ॲपवर कंपनीचं नाव टाकलं की शंभरपैकी ७२, पाचपैकी चार तारे किंवा 'उत्तम' असा शिक्का समोर येतो. हा आकडा तयार कसा झाला हे माहीत नसेल, तर त्यात आणि कुणीतरी कानात सांगितलेल्या टिपेत फारसा फरक राहत नाही. म्हणून आज या आकड्याची फोड करू.

आधी सगळ्यात सोपी पद्धत घेऊ. शिकागो विद्यापीठातले जोसेफ पिओट्रोस्की यांनी २००० साली ती मांडली. पुस्तकी मूल्याच्या (मालमत्तेतून देणी वजा जाता उरणाऱ्या रकमेच्या) मानाने स्वस्त मिळणारे अमेरिकी शेअर त्यांनी तपासले, काळ १९७६ ते १९९६. अशा स्वस्त शेअरांपैकी पुढच्या दोन वर्षांत बाजारापेक्षा जास्त परतावा देणारे ४४ टक्क्यांहूनही कमी निघाले. म्हणजे स्वस्ताईचा सगळा फायदा थोड्याच शेअरांतून येत होता. बाकीचे स्वस्त होते कारण ते खरोखरच वाईट होते. दोन्ही वेगळे काढायला त्यांनी नऊ प्रश्न ठरवले. उत्तर 'हो' असेल तर एक गुण, नाहीतर शून्य.

चार प्रश्न नफ्याचे: मालमत्तेवरचा परतावा शून्याच्या वर आहे का, कामकाजातून रोकड येते का, परतावा गेल्या वर्षापेक्षा वाढला का, आणि आलेली रोकड नफ्यापेक्षा जास्त आहे का. तीन ताळेबंदाचे: दीर्घ मुदतीच्या कर्जाचं प्रमाण घटलं का, चालू गुणोत्तर (चालू मालमत्ता भागिले चालू देणी) सुधारलं का, वर्षभरात नवे शेअर विकून पैसे उभारणं टाळलं का. उरलेले दोन धंद्याचे: ढोबळ नफ्याचं प्रमाण वाढलं का, आणि मालमत्तेच्या मानाने विक्री वाढली का. आठ-नऊ गुण म्हणजे सुदृढ, शून्य-एक म्हणजे दुरून नमस्कार.

या नवांतला सगळ्यात कामाचा प्रश्न चौथा. नफा वाढतोय आणि रोकड येत नाही, तर बहुधा माल उधारीवर गेलाय किंवा गोदामात साठतोय. अशा वेळी ताळेबंदात येणी (ग्राहकांकडून यायचे पैसे) आणि साठा, हे दोन आकडे गेल्या वर्षाशी ताडून बघायचे. विक्री १० टक्क्यांनी आणि येणी ४० टक्क्यांनी वाढली असतील, तर बाकीचे आठ गुण मिळूनही थांबावं.

ही नऊ कलमं आपल्याकडे जशीच्या तशी लावली की गडबड होते, आणि ती ठराविक ठिकाणी होते. कंपनीने एकास एक बोनस, म्हणजे एका शेअरमागे एक शेअर फुकट दिला की शेअरांची संख्या दुप्पट होते, पण कंपनीत एक रुपयाही येत नाही. नुसती संख्या मोजणारी प्रणाली मात्र 'नवे शेअर विकले' असं धरून गुण कापते. इलाज सोपा आहे: रोख प्रवाह पत्रकात शेअर विकून रक्कम आली आहे का, ते बघायचं. दुसरं उदाहरण १ एप्रिल २०१९ पासून लागू झालेल्या 'इंड एएस ११६' या लेखामानकाचं. दुकानं किंवा विमानं भाड्याने घेणाऱ्या कंपन्यांची भाडेकराराची देणी ताळेबंदात आली आणि कर्ज एकदम फुगल्यासारखं दिसलं. त्याच वेळी भाड्याचा मोठा भाग कामकाजाच्या रकान्यातून निघून वित्तपुरवठ्याच्या रकान्यात गेला, त्यामुळे रोकड सुधारल्यासारखी वाटली. धंद्यात काहीही न बदलता एक गुण गेला आणि दुसरा मिळाला.

बँकांना तर ही पद्धत लावूच नये. बँकेला ढोबळ नफा नसतो, चालू गुणोत्तराला तिथे अर्थ नसतो, आणि कर्ज घेणं-देणं हाच धंदा असतो. तिथे निव्वळ थकीत कर्जं, निव्वळ व्याज नफ्याचं प्रमाण, चालू-बचत खात्यांतल्या ठेवींचा वाटा आणि भांडवल पर्याप्तता (जोखमीच्या मानाने बँकेचं भांडवल किती) बघायची.

आता शंभरपैकी गुण देणाऱ्या प्रणालींकडे येऊ. यात साधारणपणे मूल्य (शेअर किती स्वस्त), गुणवत्ता, वाढ आणि गती (अलीकडे भाव किती चढला) हे घटक असतात; काही जण भावातल्या चढउताराचाही घटक घेतात. प्रत्येक घटकाची एकके वेगळी, म्हणून ती एका मापावर आणावी लागतात. राष्ट्रीय शेअर बाजाराच्या निफ्टी २०० क्वालिटी ३० या निर्देशांकात भागधारकांच्या निधीवरचा परतावा, कर्जाचं प्रमाण आणि पाच वर्षांतल्या कमाईच्या वाढीतली अस्थिरता मोजतात. वित्तीय कंपन्यांना कर्जाची कसोटी लावत नाहीत. मोजण्याची रीत अशी: समजा परताव्याची सरासरी १५ टक्के आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून साधारण किती दूर पसरलेत त्याचं माप) ५ आहे. २५ टक्केवाली कंपनी सरासरीच्या दोन विचलनं वर, म्हणून तिला १ अधिक २, म्हणजे ३ गुण. १० टक्केवाली एक विचलन खाली, म्हणून तिला १ भागिले (१ अधिक १), म्हणजे ०.५. गुण कधी ऋण होत नाहीत, त्यामुळे पुढचे गुणाकार बिघडत नाहीत.

स्वतः एक्सेलमध्ये हे करणाऱ्यांची पहिली ठेच पीई गुणोत्तराला (भाव भागिले प्रति शेअर कमाई) लागते. तोट्यातल्या कंपनीचा पीई ऋण येतो, आणि चढत्या क्रमाने यादी लावली की तीच सगळ्यात 'स्वस्त' म्हणून वर बसते! म्हणून उलटं गणित करा, कमाई भागिले भाव. मग तोटेवाले आपोआप तळाशी जातात. जमीन विकून आलेला एकदाचा नफा आधी वजा करा. गटकंपन्या असतील तर एकत्रित हिशेबच घ्या. आणि तुलना उद्योगाच्या आतच करा. सिमेंटचा पीई सॉफ्टवेअरशी ताडण्यात काही हशील नाही.

चक्राकार धंद्यांत उद्योगाच्या आतली तुलनाही पुरत नाही. पोलाद आणि साखर ही ठळक उदाहरणं. तेजीच्या शिखरावर नफा प्रचंड असतो, म्हणून पीई सगळ्यात कमी दिसतो आणि मूल्याचे गुण भरभरून मिळतात. वाढही चांगली, गतीही चांगली. नेमका तोच काळ धोक्याचा. अशा कंपन्यांसाठी एका वर्षाच्या कमाईऐवजी सात-दहा वर्षांची सरासरी कमाई घ्यावी.

आता बेरजेकडे वळू. समजा मूल्याला २५, गुणवत्तेला ३०, वाढीला २० आणि गतीला २५ टक्के वजन दिलं. एका कंपनीचे गुण त्याच क्रमाने ९२, ४०, ५० आणि ८०. दुसरीचे ४०, ९०, ७० आणि ५६. दोघींची बेरीज ६५! पहिली सुमार दर्जाची, स्वस्त आणि सध्या धावणारी. दुसरी दर्जेदार, पण महाग. पहिली फार तर काही महिन्यांचा सौदा ठरेल. दुसरी वर्षानुवर्षं ठेवता येईल, पण तिच्या भावाची वाट बघावी लागेल. गुणपत्रिकेत टक्के बघून विषयवार गुण न बघण्यासारखंच हे झालं. माझ्या मते चांगल्या प्रणालीची खूण एकच: ती घटकवार गुण उघड दाखवते. नुसता एकच आकडा देणाऱ्या सेवेसाठी पैसे मोजू नयेत.

'आमच्या प्रणालीने गेल्या दहा वर्षांत इतका परतावा दिला असता' असा दावा दिसला की दोन गोष्टी विचारा. बंद पडलेल्या, यादीतून गेलेल्या कंपन्या हिशेबात आहेत का? आणि मार्चअखेरचे आकडे कुठल्या तारखेपासून वापरले? लेखापरीक्षित वार्षिक निकालांना ६० दिवसांची मुदत असते. १ एप्रिललाच ते आकडे हाताशी होते असं धरलं असेल, तर तो परतावा कुणाच्याच खात्यात कधी आला नसता.

शिवाय कुठलंही गुणांकन ताळेबंदापेक्षा प्रामाणिक असू शकत नाही. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी कबुली दिली, की रोख आणि बँक शिलकीतले ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. रोकडीवर गुण देणाऱ्या सूत्राने त्या कंपनीला गुणच दिले असते. म्हणून प्रवर्तकांनी तारण ठेवलेले शेअर, मुदतीच्या मध्येच पायउतार झालेले लेखापरीक्षक, संबंधित पक्षांशी झालेले व्यवहार या गोष्टी बेरजेत मिसळू नका. यात खोट दिसली की ती कंपनी यादीतूनच काढा.

गुण ८० वरून ६५ वर आले, विकू का, हा प्रश्न हमखास येतो. आधी कुठला घटक घसरला ते बघा. नुसता भाव वाढून मूल्याचे गुण कमी झाले असतील तर घाई नको. रोकड आटली असेल तर लगेच हिशेबाचे कागद काढून बघा. प्रत्येक बदलाला खर्च आहे. बारा महिन्यांच्या आत विकलेल्या शेअरवरच्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून २० टक्के कर आहे. बारा महिन्यांनंतर विकल्यास वर्षाला सव्वा लाखावरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. खरेदी आणि विक्री दोन्हींवर ०.१ टक्का व्यवहार कर वेगळा. निफ्टी २०० मोमेंटम ३० सारखा गतीचा निर्देशांकही वर्षातून दोनदाच, जून आणि डिसेंबरमध्ये बदलतो. तुम्हीही सहामाही ठरवा आणि मध्ये फट ठेवा: शेअर यादीत पहिल्या २० मध्ये आला तर घ्यायचा, पण ४० व्या क्रमांकाच्या खाली घसरल्याशिवाय विकायचा नाही. मग २० आणि २१ व्या क्रमांकांच्या अदलाबदलीत दलाली आणि कर भरावा लागत नाही.