बहिणीची सही

(सांगलीत विधी स्वयंसेवक, आशाताई आणि बचत गटांतल्या महिलांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मोफत कायदेविषयक मदत म्हटलं की डोळ्यांपुढं काळा कोट येतो. तो येऊ द्या, पण जरा उशिरा. आपल्याकडं बाईचा जमिनीतला वाटा जातो तो बहुधा कोर्टाची पायरी चढायच्या बराच आधी. वडिलांचा तेरावा उरकतो आणि घरात कागद फिरायला लागतो. "ताई, सोसायटीचं कर्ज उचलायचंय, सातबारा करून घ्यायचाय, इथं सही कर." ताई सही करते. तिला घड्याळ बघत सासरची एसटी गाठायची असते.

म्हणून पहिला प्रश्न असा की कागद कोणता? वारस नोंदीचा अर्ज असेल तर त्यात वाईट काही नाही, उलट तो झालाच पाहिजे. फक्त वारसांच्या यादीत आपलं नाव आहे का, ते बोट ठेवून वाचायचं. हक्कसोडपत्र असेल तर गोष्ट वेगळी. जमिनीतला हक्क सोडायचा तर तो दस्त दुय्यम निबंधकाकडं नोंदवावाच लागतो. 'नोटरीपुढं केलंय' किंवा 'साध्या कागदावर लिहून दिलंय' यानं जमिनीतला हक्क सुटत नाही. तिसरा प्रकार म्हणजे कोरा स्टॅम्प. त्यावर सही करायचीच नाही, मग समोर सख्खा भाऊ का असेना.

वाटा किती, यावर गावात फार गोंधळ आहे. वडिलांनी स्वतः कमावलेली जमीन असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच मुलगा, मुलगी, विधवा आणि वडिलांची हयात असलेली आई यांना सारखा वाटा आहे. वडिलोपार्जित जमिनीत मुलगी देशभर जन्मानं हिस्सेदार झाली ती 2005 च्या दुरुस्तीनं. ही दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 ला लागू झाली. "आमचे वडील त्याआधीच गेले, मग तुझा हक्क नाही" हे उत्तर आता चालत नाही. 11 ऑगस्ट 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की 9 सप्टेंबर 2005 ला वडील हयात असायलाच पाहिजेत असं नाही. अपवाद आहे तो 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणीकृत दस्तानं किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्यानं वाटप पुरं झालं असेल, तर त्याचा. लग्नात दिलेलं सोनं, दरवर्षीची साडीचोळी हे वाटप नव्हे.

आता सातबारा वाचू. मुलीचं नाव कब्जेदार सदरात, म्हणजे मालकांच्या रकान्यात, आहे की 'इतर हक्क' सदरात, ते बघा. पूर्वी मुलींची नावं सर्रास इतर हक्कात ढकलली जायची. भाऊ मग एकटाच मालक असल्यासारखा वावरतो, पीककर्जही एकट्यानं काढतो. दुसरा सापळा म्हणजे 'एकुमॅ', अर्थात एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्याच्या नावापुढं ही अक्षरं असतील तर बाकीचे हिस्सेदार कागदाआड आहेत असं समजा. एकुमॅ कमी करून सगळ्या वारसांची नावं लावायचा अर्ज करता येतो. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत ऑनलाइन मिळतो. पण त्याच्या एकट्याच्या जिवावर बोलू नका. त्यावरच्या फेरफारांची, म्हणजे नावांत झालेल्या बदलांच्या नोंदींची, क्रमांकानुसार मागची साखळी काढा. नाव कधी गळालं ते फेरफारातच कळतं, सातबाऱ्यावर फक्त परिणाम दिसतो.

वारस नोंदीची वाट अशी. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करा. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि तिथंच कित्येक प्रकरणं रुतून बसतात. मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र घेऊन तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडं वर्दी द्यायची. पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, तोंडात मात्र तलाठीच बसलंय. मग वारस नोंदवही, म्हणजे नमुना 6-क, त्यानंतर फेरफार, हितसंबंधितांना नोटीस आणि हरकतीला 15 दिवस.

घोळ होतो तो या 15 दिवसांत. नोटीस चावडीवर लागते, ताई असते जतला नाहीतर पुण्यात. म्हणून माहेरच्या गावाचं नाव टाकून 'आपली चावडी' या संकेतस्थळावर अधूनमधून बघायला बायकांना शिकवा. तिथं नोटिशीवरचे फेरफार दिसतात. हरकत तोंडी सांगून भागत नाही, लेखी द्यायची आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्यायचा. तशी हरकत आली की नोंद तक्रारी, म्हणजे वादातली, धरली जाते आणि सुनावणी होते. नोंद मंजूर होऊन गेली असेल तर प्रांतांकडं, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडं, 60 दिवसांत अपील. आणि हे लक्षात असू द्या की फेरफार महसुलासाठी असतो. मालकी कुणाची हे शेवटी दिवाणी कोर्ट ठरवतं.

इथं वकील लागतो. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणं बाईला उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, मुलं, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीतली माणसं यांनाही नाही. पूरग्रस्तालाही नाही. 2019 च्या महापुरात ज्यांचे कागद भिजले त्या पलूस-वाळव्याच्या लोकांनी हे ध्यानात ठेवावं. अर्ज जिल्हा न्यायालयातल्या प्राधिकरणाकडं किंवा तालुका कोर्टातल्या समितीकडं करायचा. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, ते लिहून घेतात. 15100 वर फोनही करता येतो. वकिलाची फी प्राधिकरण देतं. नेमलेल्या वकिलानं तुमच्याकडं पैसे मागितले तर सचिवांकडं लेखी तक्रार करा, वकील बदलून मिळतो. स्वयंसेवकांनीही चहाच्या पलीकडं काही घ्यायचं नाही. तोही शक्यतो आपणच पाजावा.

इंग्रजांविरुद्ध नाना पाटलांनी चालवलेल्या प्रति सरकारच्या काळात याच भागात, कुंडलच्या परिसरात, न्यायदान मंडळं गावातच निवाडे करायची, त्यामुळं 'गावातच मिटवू' ही आपली जुनी सवय. तडजोड वाईट नाही. पण लोकअदालतीत सही झाली की तो निवाडा हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. गट नंबर, क्षेत्र, रक्कम, पैसे द्यायची तारीख हे सगळं त्यात लिहिलंय का, ते सहीच्या आधी मोठ्यानं वाचून घ्या. 'भाऊ योग्य ते देईल' अशा वाक्याची अंमलबजावणी कुणालाच करता येत नाही.

आणि बहिणीला घाई करू नका. भाऊबीज बंद होईल, आईला भेटू देणार नाहीत, ही भीती खोटी नसते. हक्क सोडायचा की नाही हे तिनं ठरवावं. तो किती एकरांचा आहे, एवढं मात्र तिला आधी कळलं पाहिजे.

शेवटी एका ताईंनी विचारलं की सही होऊन गेली असेल तर काय? दुय्यम निबंधक कार्यालयातून दस्ताची नक्कल आणि इंडेक्स-2, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा, काढा. फसवून घेतलेला दस्त रद्द करायचा दावा ती फसवणूक कळल्यापासून 3 वर्षांत घालावा लागतो. कधी कळलं यावरच कोर्टात निम्मं भांडण होतं, म्हणून नकलेच्या अर्जाची पोच जपून ठेवा. ती पोच घेऊनच वकिलाकडं जा.