एजॅक्सचा अबोला

श्रोतेहो, नमस्कार.

'शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ' हा सुविचार शाळेच्या फळ्यावर वाचतच आपण मोठे झालो. ससा सिंहाला विहीर दाखवतो, सिंह उडी मारतो, गोष्ट संपते. ग्रीक महाकाव्यांबद्दलही आपण साधारण हेच ऐकलेलं असतं. अकिलीस म्हणजे बळ, ओडिसियस म्हणजे डोकं. आणि ग्रीकांपुढे दहा वर्षं न पडलेलं ट्रॉय शहर लाकडी घोड्याने एका रात्रीत पाडलं. खोटं नाही ते. पण होमर इतका सोपा कवी नाही. म्हणून आज तो घोडा तबेल्यातच ठेवू या आणि एक कुस्ती बघू या.

होमरच्या 'इलियड'चा, ट्रॉयच्या युद्धावरच्या महाकाव्याचा, तेविसावा सर्ग. पॅट्रोक्लसची चिता विझली आहे आणि आपल्या या मित्रासाठी अकिलीसने स्पर्धा मांडल्या आहेत. कुस्तीला पहिलं बक्षीस एक मोठी तिवई, किंमत बारा बैल. हरणाऱ्याला एक स्त्री, किंमत चार बैल. या हिशेबावर होमर चकार शब्द काढत नाही. ऐकताना आपल्याला मात्र ठेच लागते.

उठतो एजॅक्स. ग्रीक फौजेत अकिलीसच्या खालोखाल हाच. ढाल सात बैलांच्या कातड्यांची, वर ब्राँझचा पत्रा, बुरुजाएवढी. समोर ओडिसियस. दोघांची पकड बसते ती कशी, तर उंच घराच्या छपराचे वासे कसबी सुताराने एकमेकांत बसवावेत तशी. पाठी कडकड वाजतात, घाम निथळतो, बरगड्यांवर लालभडक वळ उठतात. कुणीच कुणाला हलेना. बघणारे कंटाळायला लागतात, तेव्हा एजॅक्स म्हणतो, "तू मला उचल, नाहीतर मी तुला उचलतो. पुढचं देवांचा राजा झ्यूस बघेल." आणि उचलतोच. अधांतरी असतानाच ओडिसियस एजॅक्सच्या गुडघ्यामागच्या लवणीत फटका हाणतो. एजॅक्स उताणा, ओडिसियस त्याच्या छातीवर!

इथेच थांबलं असतं, तर फळ्यावरचा सुविचार खरा ठरला असता. पण आता उचलायची पाळी ओडिसियसची. तो जोर लावतो, एजॅक्स जेमतेम हलतो, जमीन काही सोडत नाही. मग ओडिसियस पायात पाय अडकवतो आणि दोघंही शेजारी शेजारी धुळीत. तिसऱ्यांदा भिडणार, तोच अकिलीस उठून सांगतो की पुरे, दोघंही जिंकलात, बक्षीस सारखं घ्या. कुस्ती बरोबरीत सुटली. तिवई आणि ती बाई यांची सारखी वाटणी कशी केली, हे कवी सांगत नाही.

याच सर्गात, रथांच्या शर्यतीआधी, म्हातारा ग्रीक राजा नेस्टर मुलाला म्हणतो, "लाकूडतोड्याचं काम बळापेक्षा अकलेने जास्त होतं, आणि वाऱ्यातलं जहाज सुकाणूवाला अकलेनेच हाकतो." मुलगा अँटिलोकस ही अक्कल कशी वापरतो? पावसाने खचलेल्या अरुंद रस्त्यावर ग्रीक राजा मेनेलॉसच्या रथाला रथ भिडवतो. मेनेलॉस अपघाताच्या भीतीने लगाम खेचतो आणि हा पुढे. नंतर मेनेलॉस 'कपट केलं नाहीस अशी शपथ घे' म्हणतो, तेव्हा पोरगं वरमतं आणि जिंकलेली घोडी देऊन टाकतं. अक्कल आणि लबाडी यांच्यातला बांध किती कच्चा आहे, हे होमरला पक्कं ठाऊक होतं.

ग्रीकांकडे या हुशारीला शब्द आहे 'मेटिस'. होमरच्या 'ओडिसी'त, ओडिसियसच्या घरी परतण्याच्या महाकाव्यात, एकाक्ष राक्षस पॉलिफेमसला ओडिसियस आपलं नाव 'कुणीनाही' असं सांगतो. डोळा फुटल्यावर राक्षस ओरडतो, "कुणीनाही मला मारतोय!" गुहेबाहेरचे भाऊबंद म्हणतात, कुणी नाही ना, मग आम्ही झोपतो. त्यांच्या तोंडी 'कुणी नाही'साठी ग्रीक शब्द येतात 'मे टिस'. म्हणजे मूळ भाषेत तिथे चक्क 'अक्कल' ऐकू येते. भाषांतरात हा श्लेष मरतो, हे माझं जुनं दुःख.

पण त्याच गुहेत बघा. राक्षस झोपलेला असताना ओडिसियस तलवारीला हात घालतो आणि थबकतो. दाराशी जो धोंडा आहे तो बावीस गाड्यांनाही हलणार नाही. राक्षस मेला तर धोंडा कोण सरकवणार? शत्रूच्या ताकदीवाचून या हुशारीला बाहेर पडायला दार नाही. आणि सुटल्यावर? जहाजावरून ओरडून स्वतःचं खरं नाव, बापाचं नाव, गाव, सगळं सांगून मोकळा. त्या नावावरच राक्षस आपल्या बापाला, समुद्रदेव पोसायडनला, शाप द्यायला सांगतो. वीस वर्षांनी घरी पोचल्यावर तरी काय कामी येतं? भिकाऱ्याचं सोंग, हो. पण शेवटी बायकोला मागणी घालायला जमलेल्यांसमोर धनुष्याला दोरी चढवावीच लागते, आणि ती बाकी कुणालाच चढलेली नसते.

आता एजॅक्सकडे परत. अकिलीस मेल्यावर त्याची शस्त्रं कुणाला, हा वाद झाला. ती ओडिसियसला मिळाली. अपमानाने एजॅक्सने जीव दिला. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात सोफोक्लीसने त्यावर नाटक लिहिलं. त्यात तो ज्या तलवारीवर पडतो, ती ट्रॉयच्या वीर हेक्टरने त्याला भेट दिलेली असते.

'ओडिसी'च्या अकराव्या सर्गात ओडिसियस मृतांच्या लोकात जातो. बाकीचे आत्मे येतात, बोलतात. एजॅक्स एकटा लांब उभा. ओडिसियस आर्जवाने सांगतो, "ती शस्त्रं मी जिंकलोच नसतो तर बरं झालं असतं. राग सोड, जवळ ये." ग्रीकांमधला सर्वांत गोड बोलणारा माणूस, आपली सगळी वाणी पणाला लावून.

एजॅक्स उत्तर देत नाही. वळतो आणि अंधारात निघून जातो.

हे सगळं आपल्याला सांगतोय कोण, तर ओडिसियसच, एका राजाच्या मेजवानीत. आणि तो लगेच जोडतो की रागावलेला असूनही एजॅक्स बोलला असता, किंवा मी तरी बोललो असतो. पण मला बाकीचे आत्मे बघायचे होते.