नव्वदावा दिवस

(दृश्य: पहाट. भामरागडचा बसथांबा, सुटायच्या बेतात असलेली एसटी.)

भामरागडहून गडचिरोलीचं सत्र न्यायालय सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. तिथून नागपूरचं मध्यवर्ती कारागृह जवळपास तेवढंच. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की वाटच बंद. घरातला माणूस यूएपीएखाली, म्हणजे बेकायदेशीर कृत्यं प्रतिबंधक कायद्याखाली, आत असेल, तर हे अंतर फार महागात पडतं. या कायद्यात बरंचसं दिवसांच्या मोजणीवर ठरतं.

कायदा १९६७ चा. टाडा आणि पोटा हे आधीचे दहशतवादविरोधी कायदे. टाडा १९९५ मध्ये संपला, पोटा २००४ मध्ये रद्द झाला. दहशतवादाची कलमं त्याच वर्षी यात आली. २००८ मध्ये जामीन आवळला गेला. एरवी पोलीस कोठडी १५ दिवसांची, इथं ३०. एरवी गंभीर गुन्ह्यातही ९० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामिनाचा हक्क मिळतो. इथं सरकारी वकिलाच्या अहवालावर तीच मुदत १८० दिवसांपर्यंत जाते.

(दृश्य: भिंतीवरचं कॅलेंडर.)

घरचे चुकतात ते इथंच. मोजणी अटकेपासून नाही, पहिल्या रिमांडपासून, म्हणजे न्यायालयानं पहिल्यांदा कोठडी दिली तेव्हापासून, आणि तो दिवस धरून. मुदत सरली म्हणून कुणी आपोआप सुटत नाही. अर्ज करावा लागतो. अर्जाआधी दोषारोपपत्र दाखल झालं की हक्क गेला. त्यानंतर वकील दुसऱ्याच दिवशी पोचला, तरी उशीरच.

मुदतवाढ साधा दंडाधिकारी देऊ शकत नाही, ती विशेष किंवा सत्र न्यायालयानंच द्यायची, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. त्या वेळी आरोपी हजर हवा, निदान व्हिडिओवर. हे २०२२ मध्ये, गुजरातच्या अशाच एका कायद्याच्या खटल्यात. अटकेची कारणं लेखी द्यायची, हे मे २०२४ मध्ये. तो कागद हातात पडला का, हे वकिलानं पहिल्याच पेशीला विचारावं. माणूस माडियाच बोलत असेल तर दुभाषाही तेव्हाच मागावा.

अनुसूचित जमातीच्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा, किंवा १५१०० वर फोन.

एकदा दोषारोपपत्र आलं, की जामीन अवघड. आरोप प्रथमदर्शनी खरे वाटले तर न्यायालय जामीन देऊ शकत नाही, आणि २०१९ च्या निकालानुसार त्या टप्प्यावर पुरावा खोलात तपासायचाही नाही. म्हणजे पोलिसांचे कागद जवळपास जसेच्या तसे धरायचे. २०२१ मध्ये एक फट उघडली: खटला वर्षानुवर्षं रखडला तर घटनात्मक न्यायालय, म्हणजे उच्च किंवा सर्वोच्च न्यायालय, जामीन देऊ शकतं.

(दृश्य: गडचिरोली न्यायालयाचं आवार.)

खटला चालवायला सरकारची मंजुरी लागते, तीही न्यायालयानं दखल घेण्याआधी. माओवाद्यांशी संबंध असल्याचा आरोप झालेले दिल्ली विद्यापीठातले प्रा. जी. एन. साईबाबा यांच्या बाबतीत आरोप निश्चित झाले फेब्रुवारी २०१५ मध्ये, मंजुरी आली एप्रिलमध्ये. गडचिरोलीच्या न्यायालयानं २०१७ मध्ये शिक्षा सुनावली. नागपूर खंडपीठानं १४ ऑक्टोबर २०२२ ला मंजुरीच्याच मुद्द्यावर सोडलं. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल थांबवला. फेरसुनावणी होऊन ५ मार्च २०२४ ला पुन्हा निर्दोष.

याच खटल्यात एटापल्ली तालुक्यातला एक आदिवासी तरुण २०१३ च्या ऑगस्टमध्ये पकडला गेला होता. २०२२ च्या ऑगस्टमध्ये, सुटकेचा पहिला निकाल यायच्या सुमारे दोन महिने आधी, तो कैदेतच वारला.