उघड्यावरची मैफल

[दृश्य : ठाण्यातल्या एका कलादालनाचं रिकामं आवार. दुपारचे तीन. एक माणूस टाळी वाजवतो आणि ऐकत उभा राहतो.]

संध्याकाळी इथे विनातिकीट गाणं आहे, पण अजून मंच नाही, सतरंज्या नाहीत. स्पीकरचा टेम्पो अजून माजिवड्याच्या सिग्नलला अडकलाय. तरी काम सुरू झालंय. मंच जिथे येणार तिथे उभं राहून एक टाळी वाजवायची आणि कान द्यायचा.

एक टाळी गेली, एक परत आली. डाव्या हाताच्या टॉवरची काच इथून ४३ मीटरवर आहे. जाऊन येऊन ८६ मीटर. हवा सत्तावीस-अठ्ठावीस अंशांची असेल तर आवाज सेकंदाला साधारण ३४८ मीटर जातो, म्हणजे टाळी पाव सेकंदानं परतते.

पाव सेकंद म्हणजे काय, ते तबलजीला विचारावं. द्रुत तीनताल मिनिटाला २४० मात्रांवर गेला की एक मात्रा बरोब्बर पाव सेकंदाची होते. काचेवरून परतलेला 'धा' पुढच्या 'धिं'वर जाऊन बसतो आणि झाकला जातो. लय २०० वर असेल तर मात्रा ३०० मिलिसेकंदांची, आणि परतलेला बोल पुढच्या मात्रेच्या किंचित आधी पडतो. ऐकणाऱ्याला वाटतं, तबलजी घाई करतोय. बिचारा लयीतच असतो.

टॉवर हलवता येत नाही. मंच तीस-चाळीस अंश फिरवता येतो, म्हणजे आवाज काचेवर सरळ न आपटता तिरका निसटतो. आणि स्पीकरचं तोंड खाली, बसलेल्या माणसांच्या डोक्यांकडे झुकवता येतं. माणसं आवाज शोषतात, काच शोषत नाही. ही दोन कामं टेम्पो यायच्या आधी ठरतात. मंच एकदा ठोकला की तो फिरवायची कुणाचीच तयारी नसते.

[दृश्य : मासुंदा तलाव, गडकरी रंगायतनची इमारत; तिथून कापूरबावडीचं ठाणे कलाभवन.]

ठाण्याला गाणं ऐकायची सवय जुनी आहे. गडकरी रंगायतन १९७८ पासून उभं आहे. महापालिकेचा पंडित राम मराठे महोत्सव नाट्यगृहात होतो. दिवाळीच्या पहाटे तलावपाळी आणि राम मारुती रस्ता तरुण मुलांनी फुलून जातात, आणि उपवन तलावाच्या काठी कलामहोत्सव भरतो. चित्रांच्या शेजारी, तिकीट न लावता, आभाळाखाली गाणं ही कल्पना मुंबईनं १९९९ पासून काळा घोड्याला पाहिलीय. पण उपनगरातलं कलादालन आणि काळा घोडा यांत फरक आहे. तिथे संध्याकाळनंतर बरीचशी कचेऱ्यांची वस्ती रिकामी होते. इथे त्याच वेळी लोक घरी येतात, खिडक्या उघडतात, मुलांचा अभ्यास घेतात.

म्हणून पहिला आकडा कायद्याचा. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. लाऊडस्पीकरला लेखी परवानगी लागते, आणि रात्री १० ते सकाळी ६ तो बंद. काही ठरावीक दिवशी राज्य सरकार १२ पर्यंत सूट देऊ शकतं, वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस. ती सूट फक्त रात्रीची आहे. दिवाळी पहाटेला साडेपाचला माइक सुरू करणाऱ्यांनी हे एकदा वाचावं. पहाटेचा राग ललत सहाला सुरू केला तरी बिघडत नाही, त्या दिवसांत ठाण्यात सूर्य साडेसहानंतरच उगवतो.

दुसरा आकडा बहुतेक जण चुकीचा सांगतात. 'सीमेवर ७५ डेसिबल चालतात,' असं म्हणतात. नियम असा आहे : त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० जास्त किंवा ७५, यांतलं जे कमी असेल ते. रहिवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५. म्हणजे कुंपणावर ६५. पंच्याहत्तर नव्हे.

आता रस्त्याकडे कान द्या.

[दृश्य : घोडबंदर रस्ता. ट्रक, बस, हॉर्न. काही क्षण फक्त रस्त्याचा आवाज.]

समजा, शेवटच्या रांगेत डेसिबल मोजणारा मीटर रहदारीचेच ६० दाखवतोय. गाणं सुखानं ऐकू यायचं तर त्याच्यावर दहा तरी हवेत, म्हणजे शेवटच्या रांगेत ७०. ती रांग मंचापासून २४ मीटर, कुंपण ४० मीटर. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. मंचाशेजारच्या स्पीकरच्या एकाच जोडीनं शेवटच्या रांगेला ७० दिले, तर ६ मीटरवर बसलेल्या आजोबांना ८२ बसतात आणि कुंपणावर पासष्टच्या थोडे वरच जातात. आजोबा उठतात, शेजारी फोन करतात.

उपाय मोठे स्पीकर हा नाही. उपाय जास्त आणि लहान स्पीकर हा आहे. दुसरी जोडी १६ मीटरवर, कमी आवाजात, तोंड खाली. आता पुढच्या रांगेला ७६, मागच्या रांगेला तेच ७०, आणि कुंपणावर त्रेसष्टच्या आसपास. एवढ्याशा पट्टीत मैफल बसवायची असते, रस्त्याच्या गुरगुरीवर आणि शेजाऱ्याच्या खिडकीखाली.

दुसऱ्या जोडीला उशीर द्यावा लागतो. तारेतून वीज लगेच पोचते, हवेतून आवाज १६ मीटर यायला ४६ मिलिसेकंद घेतो. उशीर दिला नाही तर मागच्या माणसाला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. नुसते ४६ दिले तरी गायिका शेजारच्या खांबातून गातेय असं वाटतं. म्हणून वर दहा-पंधरा अजून घालायचे, एकूण ५६ ते ६१. कान दिशा ठरवतो ती आधी पोचलेल्या आवाजावरून. मंचाचा आवाज आधी पोचला की गाणं मंचावरूनच येतंय असं वाटतं आणि खांबावरचा स्पीकर विसरला जातो.

[दृश्य : मंच. ध्वनितंत्रज्ञ माइक लावतो आहे.]

मंच सोळा फूट बाय बारा, उंची अडीच फूट. लोक सतरंजीवर बसणार असतील तर याहून उंच नको, माना दुखतात. सतरंज्या पुढे, खुर्च्या मागे, आणि वाट बाजूनं. मधून वाट ठेवली की विनातिकीट कार्यक्रमाला येणारे-जाणारे सतत गायकाच्या नजरेसमोरून फिरतात. फुकट कार्यक्रमात माणसं उठणारच. त्यांना रोखायचं नाही, कडेनं जाऊ द्यायचं.

गायिकेसमोर एक माइक. तबल्याला दोन, एक तबल्यावर, एक डग्ग्यावर, काठापासून वीतभर अंतरानं. पेटीला एक, पण भात्याच्या वाऱ्याच्या तोंडी नाही. तानपुऱ्याला एक, घोडीजवळ. झाले पाच. सहावा मागणाऱ्याला कारण विचारावं. उघडे माइक दुप्पट केले की स्पीकरमधून शिट्टी सुटेपर्यंत आवाज वाढवायला जी जागा असते, ती ३ डेसिबलनं कमी होते. संध्याकाळी वारा सुटतो म्हणून प्रत्येकावर स्पंजची टोपी. ती नसेल तर स्पीकरमधून ढग गडगडतात.

आवाजाच्या चाचणीत बहुतेक कलाकार मॉनिटरमध्ये, म्हणजे त्यांच्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, सगळं मागतात. जाणकार गायिका एवढंच म्हणते, "दादा, मला तानपुरा द्या. पेटी नको, ती मला तशीही ऐकू येते."

विजेत दोन गोष्टी बघायच्या. दिवे आणि ध्वनी यांच्या जोडण्या वेगळ्या, अर्थिंग मात्र एकच. दोन ठिकाणी अर्थिंग झालं की स्पीकरमध्ये ५० हर्ट्झची घूं बसते आणि ती यमनच्या निषादाशी कधीच जुळत नाही. दुसरं, फळीवर ३० मिलिअॅम्पिअरची गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी हवाच. रात्री हिरवळ ओली असते, कलाकार अनवाणी असतात आणि ओठ धातूच्या जाळीला लागतात.

[दृश्य : सूर्य येऊरच्या डोंगराआड. दिवे लागतात. गवतावर ओल.]

खरा त्रास इथून पुढे.

डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो आणि हवा झपाट्यानं निवते. बासरीचा स्वर हवेबरोबर चालतो. एका अंशाला साधारण ३ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग), म्हणजे दहा अंशांत ३० सेंट, जवळजवळ एक तृतीयांश अर्धस्वर. बासरीवाला फुंकून नळी गरम ठेवतो, पण एकल तबल्याच्या वेळी ती मांडीवर पडून राहिली की पहिला स्वर उतरलेला निघतो. तानपुऱ्याच्या पोलादी तारा गारठ्यानं आखडतात आणि चढतात. तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, दव शोषते, ढिली पडते आणि उतरते. एक वर, दोन खाली. पेटी मात्र आहे तिथेच. तिचे सूर मंचावर कुणी जुळवत नाही, त्यामुळे सगळ्यांनी तिच्याकडेच यायचं.

पूर्वी मंचावर एक-एक किलोवॅटचे हॅलोजन असत. कलाकार उकाड्यानं वैतागत, पण पुडी कोरडी राही. आता एलईडी आले. वीज वाचली, उकाडा गेला, आणि आठनंतर हातोडी जास्त वेळा बाहेर येऊ लागली. बाजूचे लाकडी गठ्ठे ठोकून तबला थोडा चढतो, पण पुडी ओलीच असेल तर पाच मिनिटांत परत उतरतो. म्हणून अनुभवी तबलजी त्याच स्वरात लावलेला दुसरा तबला गादीत गुंडाळून, मंचाखाली कोरड्या पेटाऱ्यात ठेवतात. बंदिश संपली की अदलाबदल. सारंगी असेल तर तिच्या पस्तीस-चाळीस तरफा, म्हणजे खालच्या साथीच्या तारा, जुळवायला निवांत वेळ लागतो. तिला चाचणीत सगळ्यांच्या आधी बसवावं आणि दुपारच्या उन्हात अजिबात ठेवू नये.

हीच निवणारी हवा शेजाऱ्यांनाही भोवते. सूर्यास्तानंतर जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते. मग वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो आणि लांबवर पोचतो. पाच वाजता कुंपणावर घेतलेलं माप नऊ वाजता खरं राहत नाही. एक माणूस मीटर घेऊन दर अर्ध्या तासानं कुंपणाशी जायला हवा. त्याला दुसरं काम देऊ नये, चहाचंसुद्धा नाही.

[दृश्य : कलादालनाचं बंद दार, काचेपलीकडे मंद उजेडात चित्रं.]

आवार कलादालनाचं आहे, हे तीन ठिकाणी लक्षात ठेवावं लागतं. कागद आणि कॅनव्हास हवेतल्या ओलाव्यानं फुगतात आणि आक्रसतात. म्हणून आतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास आणि फार न हलणारी ठेवायची असते. तीनशे माणसं स्वच्छतागृहासाठी आतून ये-जा करू लागली की ती हलते. दार पाचलाच बंद, स्वच्छतागृहाची वाट बाहेरून. दुसरं, सबवूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर, दालनाच्या भिंतीला टेकवायचा नाही. डग्ग्याच्या घुमाऱ्यासाठी एक पुरतो, तोही जमिनीवर, भिंतीपासून लांब. नाहीतर काचेच्या कपाटातली मातीची भांडी खुळखुळतात, आणि ती एका रात्रीत पडत नाहीत, रोज थोडी थोडी सरकत कडेला येतात. तिसरं, पांढऱ्या दिव्यांवर किडे येतात आणि उघडं सापडेल तिथून आत शिरतात. दिवे पिवळसर, आणि दालनातला प्रकाश त्या वेळी मंदच.

किड्यांवरून डास. धुराची फवारणी आदल्या दिवशी. कार्यक्रमाच्या संध्याकाळी फवारणी झाली की पहिल्या आलापालाच गळा धरतो. मंचाजवळ कासवछापही लावू नये.

कागदपत्रांचं थोडक्यात. लाऊडस्पीकरची परवानगी स्थानिक पोलीस ठाण्यातून. पारंपरिक बंदिशी गायच्या असतील तर सहसा हक्काचा प्रश्न येत नाही. भावगीत किंवा चित्रपटगीत असेल तर येतो : लेखक-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क चालतो, आणि तिकीट नाही म्हणून परवाना नको असं गृहीत धरू नये. तो आयपीआरएस या संस्थेकडून घेतात.

[दृश्य : घड्याळ, ९ वाजून १० मिनिटं. मंचावर विलंबित संपत आलं आहे.]

वेळेचा हिशोब उलटा मांडायचा. दहाला आवाज बंद म्हणजे पावणेदहाला भैरवी संपायला हवी. म्हणजे साडेनऊला ती सुरू. म्हणजे शेवटचं द्रुत सव्वानऊला. सुरुवात साडेसहाची. मध्ये पावणेतीन तास दिसतात, पण दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ आणि पाहुण्यांचे 'दोन शब्द' यांत त्यांतले चाळीस मिनिटं सहज जातात. कापलं जातं ते गाणं, भाषण नव्हे. सत्कार करायचाच असेल तर सहाला, लोक बसत असताना उरकावा. संधिप्रकाशाचा राग मारवा, तो सातला घेतला तर शोभतो. सत्कारानंतर पावणेआठला मारवा म्हणजे रात्रीच्या जेवणाला न्याहारी.

[दृश्य : लोक उठत आहेत. मंचावरचे दिवे एकेक कमी होतात.]

बंद करायचा क्रम चालू करायच्या उलट. आधी अॅम्प्लिफायर, मग मिक्सर. उलटं झालं की स्पीकरमधून जो धाडकन आवाज येतो, त्यानं अख्ख्या सोसायटीला कार्यक्रम संपल्याचं कळतं.

तबला गादीत जातो, तानपुऱ्याच्या तारा उतरवून ठेवतात. केबल गवतावर पडून भिजलेल्या असतात. त्या कोरड्या फडक्यानं पुसूनच गुंडाळायच्या, एक वेढा सरळ, एक उलटा, म्हणजे पीळ पडत नाही. ओल्या गुंडाळल्या तर जोडणीतल्या पिना हिरव्या पडतात, आणि पुढच्या शनिवारी खरखर कुठून येतेय ते शोधत दुपार जाते. मोजून बत्तीस केबल आणल्या होत्या. एकतीस भरतात. बत्तिसावी सतरंजीखाली सापडते, टेम्पो निघता निघता.