एकाच किनाऱ्यावरची बिटं

डेन्मार्कमधली कालुंडबोर्गची खाडी. भरतीचं पाणी येऊन टेकतं तिथे, गोट्यांच्या फटींतून ही जाड, तुकतुकीत पानं वर आली आहेत. पालक वाटला ना? फार चुकलं नाही. बीट, पालक, चाकवत हे एकाच कुळातले. हे रानबीट. खाऱ्या वाऱ्यात, खाऱ्या मातीत वाढतं. कोवळी पानं उकडून खातात. कंद मात्र शोधू नका, खाली नुसतं चिवट मूळ आहे.

आपल्या कोशिंबिरीतलं लालबुंद बीट याच्याच वंशातलं. साखरेचं पांढरं बीटही. आपल्याला साखर म्हटली की ऊस आठवतो. युरोपात गेली दोनशे वर्षं ती बिटापासून होते. या काळात माणसानं निवड केली ती गोडव्याची, तीही मोजक्या वाणांतून. साखर वाढली, पण इतर बरेच गुण वाटेत गळाले.

त्याची किंमत इटलीत १९५०च्या दशकात दिसली. बिटाच्या मुळांना दाढीसारखे तंतू फुटू लागले, कंद खुरटले. रोगाचं नाव रायझोमेनिया, म्हणजे मुळांना लागलेलं वेड. मातीतल्या एका सूक्ष्मजीवाच्या पाठीवर बसून या रोगाचा विषाणू येतो, आणि एकदा शिरला की वर्षानुवर्षं जमिनीत ठाण मांडतो. फवारणीचा उपयोग नाही. बियाण्यातच दम हवा.

तो दम या खाडीकाठच्या रानबिटात सापडला. जनुकाचं नाव आरझेड-टू. ते नेमकं कोणतं, हे २०१७ साली डॅनिश किनाऱ्यावरच्या रानबिटांमधूनच हुडकलं गेलं. गंमत अशी, की शेजारी वाढलेल्या झाडांपैकी काही रोगाला दाद देत नव्हती, तर काही सहज बळी पडत होती. हा फरक होता म्हणूनच जनुक हाती लागलं.

दक्षिणेकडे भूमध्य समुद्रावर जा. तिथली बरीच रानबिटं पहिल्याच वर्षी फुलतात. उत्तरेकडची थंडी सोसल्याशिवाय फुलत नाहीत. परागकण वारा नेतो, बी लाटांवर तरंगत जातं. याचा जाचही होतो बरं का! नैर्ऋत्य फ्रान्समध्ये बियाण्याच्या मळ्यांत रानटी पराग शिरला, आणि ते बी पेरलेल्या उत्तरेच्या शेतांत पहिल्याच वर्षी साखरेच्या बिटाऐवजी फुलांचे तुरे डोलू लागले.

ही दोन झाडं नीट पाहा. पानं तशीच, उंची तेवढीच. रोगाला कोण पुरून उरेल, हे नुसतं बघून सांगता येत नाही. म्हणून बी गोळा करणारे एका झाडापाशी थांबत नाहीत. किनाऱ्यानं चालत राहतात, झाडामागून झाड.