पहिला हायड्रोजन कोणाचा?

ढोकळ्यात घालतात त्या लिंबूसत्वाचे पांढरे खडे तुम्ही सगळ्यांनी हाताळले असतील. तेच सायट्रिक आम्ल. रसायनशास्त्रज्ञ कार्ल शीले यांनी १७८४ मध्ये लिंबाच्या रसातून ते वेगळं काढलं. त्याच्या रेणूत तीन आम्लगट असतात, दोन टोकांना आणि एक मधोमध. प्रत्येक गट आपला हायड्रोजन सोडू शकतो. मग धातूचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, सोबतीला आले की सायट्रेट क्षार तयार होतो. रक्तपेढीत रक्त गोठू नये म्हणून सोडियम सायट्रेट वापरतात, मुतखड्याच्या काही रुग्णांना पोटॅशियम सायट्रेट देतात. आज मला एकच प्रश्न तुमच्यापुढे ठेवायचा आहे. तिघांपैकी पहिला हायड्रोजन कोणता गट सोडतो?

हे कळायला क्षारातल्या अणूंच्या जागा पाहाव्या लागतात, आणि त्यासाठी त्याचा स्फटिक हवा. क्षार बनवणं सोपं आहे. आम्लाच्या द्रावणात पोटॅशियम कार्बोनेट टाकलं की फसफसतं, आणि पाणी आटवलं की तळाशी पांढरा थर राहतो. पण त्यात एकेकटा उचलून तपासता येईल एवढा मोठा स्फटिक पुष्कळदा मिळतच नाही. मिळते ती भुकटी.

मोठ्या स्फटिकावर क्ष-किरण सोडले, तर ते ठरावीक दिशांना वळतात (हेच विवर्तन) आणि त्यांचे ठिपके वेगवेगळे पडतात. भुकटीत लाखो कण हव्या त्या दिशेला तोंड करून बसलेले असतात. फुलबाजी अंधारात गरागरा फिरवली की ठिणगीचं वर्तुळ दिसतं ना, तसंच इथे प्रत्येक ठिपक्याचं वर्तुळ होतं. डिबाय आणि शेरर यांनी १९१६ मध्ये जर्मनीतल्या गटिंगेनला ही पद्धत मांडली. अडचण अशी, की वेगवेगळे ठिपके एकाच वर्तुळावर येऊन पडतात. तीन मितींची माहिती एका आलेखात कोंबली जाते.

ती सोडवायची कशी? आधी आलेखातल्या शिखरांच्या जागांवरून एकक कोष, म्हणजे स्फटिकात पुन्हापुन्हा येणारा छोटा ठोकळा, ठरवायचा. मग एक साधा हिशेब. अशा पदार्थांत हायड्रोजन सोडून प्रत्येक अणूला सुमारे १८ घन अँगस्ट्रॉम जागा लागते (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). एकच हायड्रोजन सुटलेल्या पोटॅशियम सायट्रेटमध्ये असे १४ अणू: एक पोटॅशियम, सहा कार्बन, सात ऑक्सिजन. म्हणजे २५२ घन अँगस्ट्रॉम. कोषाचं आकारमान हजाराच्या आसपास निघालं, तर आत चार एकके आहेत हे समजा. सायट्रेटचा सांगाडा रसायनशास्त्राला आधीच ठाऊक असतो. त्याची जागा, त्याचं वळण आणि त्याच्या हातांसारख्या फांद्यांचे पीळ, एवढंच संगणकाने शोधायचं. शेवटी रिटव्हेल्ट यांच्या १९६९ च्या पद्धतीने मोजलेला आलेख आणि गणिताने काढलेला आलेख बिंदूगणिक जुळवून पाहायचे.

आता खरी कसोटी. क्ष-किरणांना दिसतात ते इलेक्ट्रॉन. सिझियम या धातूच्या अणूकडे ते ५५, हायड्रोजनकडे फक्त एक! आणि आपला प्रश्न तर नेमका हायड्रोजनचाच आहे.

इथे ऑक्सिजनची साक्ष काढता येते. ज्या आम्लगटात हायड्रोजन शिल्लक आहे, त्याचे कार्बन-ऑक्सिजन बंध असमान असतात, एक सुमारे १.२१ अँगस्ट्रॉमचा आणि दुसरा १.३१ चा. हायड्रोजन गेला की दोन्ही १.२५ च्या जवळ येतात. मात्र भुकटीच्या मापनात एवढ्याशा फरकावर विसंबणं मला धोक्याचं वाटतं. म्हणून मिळालेली रचना घेऊन क्वांटम गणित करतात आणि हायड्रोजन ऊर्जेच्या दृष्टीने कुठे स्थिरावतो ते पाहतात. कोणते दोन ऑक्सिजन एकमेकांच्या इतके जवळ आलेत की मधे हायड्रोजन बंध, म्हणजे हायड्रोजनने दोघांना सांधणारी ओढ, असलाच पाहिजे, हेही तपासतात. प्रयोग आणि गणित एकमेकांना असे हात देतात, ते मला या कामातलं सर्वांत देखणं वाटतं.

अलगप्पा राममोहन आणि जेम्स काडुक या संशोधकांनी लिथियमपासून सिझियमपर्यंतच्या धातूंच्या सायट्रेट क्षारांचा असाच अभ्यास केला, आणि तो २०१८ मध्ये एकत्रित प्रसिद्ध झाला. उत्तर मिळालं ते असं: पहिला हायड्रोजन सहसा सोडतो मधला गट. टोकांचे दोन त्यानंतर. त्या मधल्या गटाशेजारीच, त्याच कार्बनवर, एक हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, आहे. त्याचा हायड्रोजन बहुतेकदा रिकाम्या झालेल्या ऑक्सिजनकडे वळतो आणि रेणूच्या आतच बंध धरतो.