नॉमिनी लावलाय, म्हणजे झालं का?

(टेबलावर शंभरपानी वही, शेजारी चहाचा कप. थेट कॅमेऱ्याकडे बघून.)

रामकुंडावर कधी थोडा वेळ उभे राहा. लोक कुठून कुठून अस्थी घेऊन येतात, आडनाव आणि गाव सांगतात, आणि तिथले तीर्थोपाध्याय जुनी चोपडी उघडून त्यांच्या पणजोबांचं नाव वाचून दाखवतात. तोच माणूस पंधरा दिवसांनी बँकेत येऊन विचारतो, "मॅडम, बाबांचं तुमच्याकडे काही होतं का हो?" पणजोबा सापडतात, बाबांची एफडी सापडत नाही.

नमस्कार मंडळी. मी ३१ वर्षं बँकेत होते, त्यातली बरीच ठेवींच्या काउंटरवर, इथेच नाशिकमध्ये. वकील नाही. त्यामुळे मसुदा करायची वेळ आली की वकील गाठा. पण वकिलाकडे जाण्याआधी घरात जे बोलायला हवं, ते आज बोलू.

"आमच्याकडे आहे काय वाटायला?" असं मला नेहमी ऐकायला मिळतं. सिडकोत एक घर, निफाडकडे वीस गुंठे, दोन-तीन एफडी, पीएफ, विम्याची पॉलिसी. आणि पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "सगळीकडे नॉमिनी लावलाय."

इथेच गाडी अडते. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक पैसे नॉमिनीच्या हातात देते आणि मोकळी होते. ते पैसे शेवटी कोणाचे, हे मृत्युपत्र ठरवतं, आणि मृत्युपत्र नसेल तर वारसा कायदा. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ मध्येच सांगितलं होतं. शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा तेच सांगितलं. अपवाद एक: २०१५ च्या दुरुस्तीनंतर विम्यात आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर ती रक्कम त्यांचीच धरली जाते. सोसायटीतल्या फ्लॅटचा नॉमिनीसुद्धा वारस ठरेपर्यंत तात्पुरता सभासद असतो, एवढंच.

म्हणून नॉमिनी लावू नका का? जरूर लावा. नॉमिनी असला की पैसे लवकर सुटतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चार नॉमिनी लावता येतात, प्रत्येकाचा टक्का ठरवून किंवा एकानंतर एक अशा क्रमाने. लॉकरला मात्र फक्त क्रमानेच. शाखेत जाऊन जुना नॉमिनी कोण आहे ते एकदा बघून या. लग्नाआधी लावलेली आई वारून दहा वर्षं झाली तरी कागदावर नॉमिनी तीच, हे मी किती वेळा पाहिलंय!

आता मृत्युपत्र नसेल तर काय होतं ते बघू. समजा, अंबडच्या कारखान्यात काम करणारा चाळिशीतला माणूस. स्वतःच्या नावावर फ्लॅट. घरी बायको, एक मुलगी, आणि आईवडील. तो अचानक गेला. सगळे म्हणतील, फ्लॅट बायकोचा. नाही. हिंदू वारसा कायद्यात आई ही पहिल्या वर्गातली वारस आहे, वडील नाहीत. फ्लॅटचे तीन सारखे हिस्से: बायको, मुलगी, आई. आता पुढे चला. काही वर्षांनी आई गेली, तिनेही मृत्युपत्र केलं नाही. तिचा तिसरा हिस्सा कोणाकडे? तिच्या नवऱ्याकडे, इतर मुलामुलींकडे, आणि गेलेल्या मुलाच्या वाट्यापुरता नातीकडे. म्हणजे सासरे, दीर, नणंद हे सगळे आता त्या फ्लॅटचे सहमालक. फ्लॅट विकायचा तर सगळ्यांच्या सह्या. कोणी वाईट नाही यात. दिराला कर्ज झालं, नणंदेच्या नवऱ्याने काही सुचवलं, एवढं पुरतं. दोन पानांचं मृत्युपत्र असतं तर यातलं काहीच झालं नसतं.

आणि बायकांनो, आता जरा पुढे सरकून बसा. तुम्ही स्वतः कमावलेलं, तुमच्या नावावरचं, मृत्युपत्राशिवाय राहिलं तर ते आधी मुलांना आणि नवऱ्याला जातं. मुलं नाहीत, नवराही नाही, अशी वेळ असेल तर? तर नवऱ्याच्या वारसांना. तुमच्या आईवडिलांचा नंबर त्यांच्या मागे. ज्या आईने तुमच्या फीसाठी पाटल्या मोडल्या ती रांगेत मागे, आणि लग्नात एकदाच भेटलेला दीर पुढे. माहेरून वारशाने आलेली मिळकत मुलं नसतील तर वडिलांच्या वारसांकडे परत जाते, पण स्वकमाईला हा नियम नाही. नोकरी करणाऱ्या प्रत्येक मुलीला मी हे सांगते. पहिला पगार झाला की एफडी करता ना, तसं मृत्युपत्रही करा.

(वही उघडून)

ते करायचं कसं? साधा कागद चालतो, स्टॅम्प पेपर लागत नाही. मराठीत लिहा. तुमची सही, आणि तुम्हाला सही करताना पाहणारे दोन साक्षीदार, त्यांच्याही सह्या. तारीख घाला. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. शेवटी एक ओळ हवीच: "वर न लिहिलेली इतर सर्व मिळकत अमुक यांना." ती ओळ विसरली की उरलेल्या एका एफडीवरून घर पुन्हा तिथेच येतं.

साक्षीदार तुमच्यापेक्षा वयाने लहान घ्या. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, आपल्या पत्त्यांच्या अड्ड्यातले दोन मित्र घेतले. दोघंही त्यांच्यापेक्षा मोठे. दादांच्या आधी दोघं गेले. मग चुलत्यांनी हरकत घेतली तेव्हा त्या सह्या ओळखणारी माणसं शोधत आम्ही दोन भावंडं पिंपळगाव ते ओझर हिंडलो.

नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधक कार्यालयात करून घ्या. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही. वय झालं असेल तर त्याच दिवशीचं डॉक्टरांचं पत्र जोडा. मुंबईच्या नातेवाइकांनी प्रोबेट, प्रोबेट (म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा शिक्का) म्हणून घाबरवलं असेल. नाशिकमध्ये केलेल्या, नाशिकच्याच मिळकतीच्या मृत्युपत्राला ते कायद्याने सक्तीचं नाही. मत बदललं तर नवं करा, शेवटचं खरं धरतात. आणि कृपा करून ते फक्त लॉकरमध्ये ठेवू नका. लॉकर उघडायला मृत्युपत्र हवं आणि मृत्युपत्र लॉकरमध्ये, हा प्रकार मी स्वतः पाहिलाय.

शेतीचं थोडं वेगळं. तुम्ही विकत घेतलेली जमीन मृत्युपत्राने देता येते. वडिलोपार्जित असेल तर फक्त तुमचा हिस्सा. त्यात बहिणीचा हिस्सा भावाइतकाच, २००५ पासून, आणि २००५ मध्ये वडील हयात नसले तरी चालतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय. माणूस गेल्यावर वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांत तलाठ्याकडे द्या. आजोबांच्या नावाचे सातबारे इतके साचले होते की २०२५ मध्ये महसूल खात्याला 'जिवंत सातबारा' नावाची मोहीम काढावी लागली. बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घ्यायची असेल तर तिला जमिनीचा भाव सांगून घ्या. भाऊबीजेच्या ताटासोबत कागद पुढे करणं मला अजिबात पटत नाही.

"मॅडम, मुलाला बक्षीसपत्रच करून टाकू का?" बक्षीसपत्र म्हणजे हयातीतच मिळकत दुसऱ्याच्या नावावर करून देणं. शेती किंवा राहतं घर असं मुलाला, मुलीला, नातवंडाला दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, इतर खर्च वेगळा. म्हणून लोकांना मोह होतो. पण बक्षीस दिलेलं सहसा परत घेता येत नाही. द्यायचंच असेल तर "माझा सांभाळ करण्याच्या अटीवर" हे कागदात लिहा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात ती अट मोडल्यावर दाद मागता येते. माझा सल्ला विचाराल तर डोक्यावरचं छप्पर शेवटपर्यंत स्वतःच्या नावावर ठेवा.

(वही कॅमेऱ्यासमोर धरून)

आणि ही वही. खाती, शाखा, पॉलिसी, कोणाला उसने दिले, कोणाकडून घेतले, सगळं यात. पिन लिहायचे नाहीत. माणूस गेल्यावर त्याचं एटीएम कार्ड वापरून पैसे काढणं चुकीचं आहे, घरच्यांनीही. दर पाडव्याला मी एकदा ही वही तपासते. मुलीला जागा सांगून ठेवली आहे: कपाटाच्या खालच्या कप्प्यात, जुन्या पैठणीच्या घडीखाली. आता तुम्हालाही कळली, म्हणजे आज संध्याकाळी जागा बदलावी लागणार.